विश्लेषण : आईच्या साड्यांची गोधडी स्वत:च्या हाताने शिवता येईल का? नवशिक्यांनी सुरुवात कुठून करावी?

घरातील वडीलधारी बाई गेली की तिच्या साड्यांचे काय करायचे, हा प्रश्न बहुतेक घरांत काही महिन्यांनी निघतोच. भरजरी साड्या लेकी-सुना वाटून घेतात, बऱ्यापैकी साड्या ओळखीपाळखीत दिल्या जातात. मागे उरतात त्या रोजच्या वापरातल्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या चार-सहा सुती साड्या. त्या कुणाला देण्याजोग्या नसतात आणि टाकवत तर नाहीतच. मग घरातले कुणीतरी म्हणते, ‘गोधडी शिवू या.’ पूर्वी हे वाक्य पुरेसे होते, कारण शिवणारी बाई घरातच असायची. आता ती नाही म्हणून तर प्रश्न पडला. त्यामुळे गेल्या काही वर्षांत व्हिडीओ पाहून किंवा दोन दिवसांची कार्यशाळा करून गोधडी शिवायला बसणाऱ्यांची संख्या वाढताना दिसते. यात तरुण मुली आहेत, निवृत्त पुरुषही आहेत. अडचण एवढीच की शिकण्यासाठी हाताशी असलेले कापड आणि जपून ठेवायचे कापड अनेकदा एकच असते. कात्री चुकीची पडली तर तशी दुसरी साडी मिळणार नाही.

गोधडी आणि रजई यात फरक काय?

रजई किंवा दुलई म्हणजे कापडाच्या दोन पदरांमध्ये पिंजलेला कापूस भरून, तो जागेवर राहावा म्हणून लांब लांब घातलेले टाके. तिथे ऊब कापसाची. गोधडीत कापूस नसतो. जुन्या कापडाचे थर एकावर एक रचून ते आरपार धावदोऱ्याने, म्हणजे वर-खाली जाणाऱ्या साध्या टाक्यांच्या ओळींनी, एकमेकांत अडकवलेले असतात. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते आणि टाके थरांना सरकू देत नाहीत. त्यामुळे गोधडीत टाका ही सजावट नसून तिचा सांगाडा असतो, हे नवशिक्याने आधी लक्षात घ्यावे. ओळी विरळ पडल्या तर चार धुण्यांत आतले कापड गोळा होते. फार दाट पडल्या तर गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते.

मराठीत या प्रकाराला प्रदेशागणिक नावे आहेत. गोधडी सर्वांना ठाऊक असते, वाकळ हा शब्द पश्चिम महाराष्ट्रात जास्त ऐकू येतो. चार पदरांची ती चौघडी आणि तान्ह्या बाळासाठी शिवलेले ते दुपटे. नावांतच थरांचा हिशेब आहे. महाराष्ट्राबाहेर बंगालची कांथा, बिहारची सुजनी, सिंध-राजस्थान-गुजरातकडची रल्ली ही याच कुळातली भावंडे. सगळ्यांचे मूळ एकच आहे, जुने सुती कापड आणि साधा धावदोरा. कांथा हे नावही संस्कृतातल्या ‘कंथा’ या शब्दाशी जोडले जाते आणि कंथा म्हणजे चिंध्या जोडून केलेले वस्त्र.

पहिली गोधडी आईच्या साडीची का नसावी?

कारण पहिल्या गोधडीत टाके वाकडे पडतातच. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, पण ते कुठल्या कापडावर पडावेत हे आपल्या हातात असते. सरावासाठी जुनी सुती चादर, पंचा, विटलेला परकर, फाटलेल्या उशीचे अभ्रे यांतले काहीही चालते. त्यातून एक दुपटे शिवावे. साधारण ३० इंच बाय ३६ इंच आकार आणि तीन थर पुरेसे. इंचाच्या अंतराने ओळी घातल्या तर अशा दुपट्यात ३० ओळी होतात आणि टाक्यांची एकूण लांबी भरते सुमारे २७ मीटर. अगदी नवख्या हाताला आठ-दहा तास लागतील. तेवढ्यात हात बसतो. पहिली ओळ आणि तिसावी ओळ शेजारी धरून पाहिली तर फरक स्वत:लाच कळतो.

दुपट्याची निवड करण्यामागे आणखी एक कारण आहे. तान्ह्या बाळाला कोऱ्या कापडाऐवजी वापरून मऊ झालेल्या, स्वच्छ धुतलेल्या सुती कापडात ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. म्हणजे सरावाचा तुकडाही वाया जात नाही, कुणाच्या तरी घरी उपयोगी पडतो. मात्र बाळासाठी शिवायचे तर एक पथ्य पाळावेच लागते. काम सुरू करताना टाचण्या आणि सुया मोजून घ्यायच्या आणि संपल्यावर पुन्हा मोजायच्या. एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत दुपटे घराबाहेर जाऊ द्यायचे नाही. थरांत अडकलेली टाचणी वरून दिसत नाही. ती हातालाही लागत नाही आणि नेमकी नको तेव्हा टोचते.

कोणती साडी चालते, कोणती नाही?

सर्वांत उत्तम म्हणजे वापरलेली सुती साडी. सुती नऊवारी लुगडे, साधे सुती पातळ, सुती इरकल किंवा नारायणपेठी. नवी साडी घेऊन तिची गोधडी करण्यात अर्थ नाही. नव्या कापडात खळ असते, ते धुतल्यावर आटते आणि शेजारच्या जुन्या, आधीच आटलेल्या कापडाला ओढते. पहिल्या धुण्यातच मग गोधडी एका बाजूने गोळा होते. नवे कापड वापरायचेच असेल तर गरम पाण्यात दोनदा धुऊन, वाळवून, मग घ्यावे.

कापड सुती आहे की नाही याची शंका असेल तर काठाजवळून एक-दोन धागे ओढून जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मागे मऊ राख राहते. पॉलिस्टरचा धागा वितळतो आणि टोकाला कडक गोळी बनते. ज्या पिढीच्या साड्या आता कपाटांतून निघत आहेत, त्यात या दुसऱ्या प्रकारच्या साड्याच जास्त, हीच खरी पंचाईत आहे. न चुरगळणारी, चटकन वाळणारी, इस्त्री न मागणारी साडी घरोघरी आली ती बायकांच्या सोयीसाठी आणि ती सोय खरी होती. पण त्या कापडाची गोधडी अंगावर घसरते, घाम शोषत नाही, सुई थरांतून सरकते पण टाका धरून राहत नाही. अशा साडीचा एखादा तुकडा आठवण म्हणून वरच्या थरावर ठिगळासारखा लावावा, पण आख्खी गोधडी तिची करू नये.

रेशमी पैठणी किंवा जरीची साडीही नको. जर टोचते, धुण्यात तुटते आणि जुने रेशीम घडीवर चिरत जाते. तिचे नशीब वेगळे, तिला कपाटातच राहू द्यावे.

उरली विरलेली साडी. दोन्ही अंगठ्यांमध्ये कापड धरून हलकेच ताणून पाहावे. चर्रकन आवाज आला किंवा धागे विलग झाले तर ती साडी वरच्या थराला नको, पण आतल्या थराला तिच्यासारखे मऊ भरण नाही. रंग जातो का, हेही आधी पाहावे. ओल्या पांढऱ्या फडक्याने गडद भाग चोळला की कळते. लाल आणि काळा रंग बहुधा दगा देतो. शेवटी साडीचा फॉल उसवून टाकावा. तो बहुतेक वेळा वेगळ्या कापडाचा असतो आणि साडीबरोबर आटत नाही.

कात्री न लावता गोधडी होते का?

होते. नवशिक्यांना हे कुणी सांगत नाही आणि सांगायला हवे. परदेशी धर्तीच्या पुस्तकांत, व्हिडीओंत आधी कापडाचे चौकोन, त्रिकोण कापायचे, ते पुन्हा जोडायचे आणि मग टाके घालायचे अशी पद्धत असते. आपल्याकडे ठिगळांची गोधडी होतीच, पण आख्ख्या लुगड्याची घडी घालून शिवलेली गोधडीही तितकीच रूढ होती.

हिशेब असा. साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरपेक्षा थोडी कमी रुंद असते. तिची लांबीत तिघडी केली तर सुमारे सहा फूट लांब, पावणेचार फूट रुंद असा तीन थरांचा तुकडा मिळतो. एका माणसाला पांघरायला हा पुरतो. घडी पंख्यासारखी न घालता पत्राच्या कागदासारखी घालावी. साडी उलट बाजू वर येईल अशी जमिनीवर पसरायची, आधी पदर नसलेले टोक मध्ये आणायचे आणि शेवटी पदराचा भाग त्यावर घ्यायचा. असे केले की पदर सुलट बाजूने सर्वांत वर येतो आणि गोधडीच्या पाठीलाही साडीची सुलट बाजूच दिसते. दोन्ही आखूड बाजू घडीमुळे आपोआप बंद होतात आणि लांब बाजूंना साडीचे काठ येतात. पदर दुमडण्याआधी आत विरलेल्या साडीचे एक-दोन थर पसरले की जाडी चार-पाच थरांची होते. पहिल्या मोठ्या गोधडीसाठी यापेक्षा जाड जाऊ नये.

या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा असा की काही बिघडले तर टाके उसवता येतात आणि साडी साडीच राहते. सुईची भोके दिसतील, तीही एखाद्या धुण्यात बरीचशी मिटतात. नऊवारी असेल तर लांबी आठ मीटरच्या वर जाते, म्हणजे तिच्यातून याच आकाराचे चार थर निघतात.

सुई-दोरा कोणता घ्यावा?

गोणपाट शिवायचा दाभण गोधडीला लागत नाही. मोठ्या नेढ्याची, मध्यम लांबीची, सहज न वाकणारी सुई हवी. हातशिलाईच्या सुयांत क्रमांक जसा वाढतो तशी सुई बारीक होत जाते, हे दुकानात लक्षात ठेवावे, नाहीतर मोठा आकडा म्हणजे मोठी सुई समजून उलटीच खरेदी होते. दोरा सुतीच घ्यावा. पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो हे खरे, पण जुन्या मऊ कापडात तो वर्षानुवर्षे घासून कापडच कापू शकतो. मशीनचा बारीक दोरा एकेरी वापरला तर टाका दिसतही नाही आणि टिकतही नाही. तो दुहेरी घ्यावा किंवा भरतकामाचा थोडा जाड सुती दोरा आणावा.

दोरा कापताना हाताचे माप घ्यावे. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, अंदाजे दीड फूट. पुन:पुन्हा सुई ओवण्याचा कंटाळा म्हणून लांबच लांब दोरा घेणाऱ्याचा दोरा गुंततो, पिळतो आणि प्रत्येक टाक्यात कापडावर घासून शेवटी मध्येच तुटतो. ओवण्याआधी दोरा मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढला तर गुंता कमी होतो.

अंगुस्तान बहुतेकांना सुरुवातीला अडगळ वाटते आणि दुसऱ्या दिवशी तेच लोक ते शोधत फिरतात. पाच थरांतून सुई ढकलताना मधल्या बोटाच्या टोकाला भोक पडायला एक संध्याकाळ पुरते.

टाका घालताना नेमके चुकते काय?

सर्वाधिक चूक टाक्यात होत नाही, ती टाक्याच्या आधी होते. थर नीट न पसरता, कच्चा दोरा न घालता शिवायला बसणे. जागा स्वच्छ, सपाट हवी. पलंगावर हे काम होत नाही, गादी दबते आणि थर सरकतात. जमिनीवर खालचा थर पसरून चारही कोपऱ्यांवर वजन ठेवावे. खेड्यात पाट्या-वरवंट्यापासून दगडापर्यंत काहीही ठेवत, शहरात जाड पुस्तके चालतात. प्रत्येक थर मधून बाहेर तळहाताने सारखा करत पुढचा थर ठेवायचा. मग वितभर अंतरावर लांब लांब कच्चे टाके घालायचे, आधी मधोमध उभी ओळ, मग आडवी, मग बाकीच्या. हे टाके शेवटी उसवायचेच असतात म्हणून ते गडद, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने घालावेत. या कामाला तास-दीड तास जातो आणि तो वाचवणाऱ्याचे पुढे दहा तास जातात.

पक्क्या ओळीही मधून सुरू करून कडेकडे न्याव्यात. कापडात कुठेना कुठे जास्तीचा भाग असतोच, तो शिवताना पुढे सरकत जातो. कडेकडून मध्ये आले तर हा जास्तीचा भाग बरोबर मधोमध अडकतो आणि तिथे झोळ येतो. मग तो लपवायला चुणी घालावी लागते आणि ती चुणी आयुष्यभर पाठीला टोचते.

ओळ सरळ यावी म्हणून खडूने किंवा साबणाच्या वाळलेल्या चिपेने रेघ मारावी. साडी चौकड्याची असेल तर रेघेचीही गरज नाही, विणीचीच रेघ धरून जाता येते. ओळ शक्यतो उभ्या किंवा आडव्या धाग्याला धरून असावी. तिरकी, म्हणजे शिंपी ज्याला उरेब म्हणतात तशी, गेली की कापड ताणले जाते आणि नवख्या हाताला ते आवरत नाही.

सुरुवातीची गाठ वर दिसू नये यासाठी एक साधी युक्ती आहे. ओळीच्या सुरुवातीपासून इंचभर दूर सुई फक्त वरच्या थरात घालून ओळीच्या टोकाशी बाहेर काढायची आणि दोरा हलका झटका देऊन ओढायचा. गाठ ‘टक’ असा बारीक आवाज करून आत जाते आणि तिथेच राहते. जुन्या विरलेल्या कापडावर मात्र झटका बेताने, नाहीतर गाठीबरोबर भोकही पडते. शेवटीही असेच, एक उलटा टाका घेऊन सुई थरांमधून इंचभर फिरवायची आणि दोरा कापायचा.

प्रत्यक्ष टाका घालताना उजवा हात वर आणि डावा हात गोधडीच्या खाली असतो. सुईचे टोक सगळ्या थरांतून खाली आले हे डाव्या हाताच्या बोटाला कळले पाहिजे. बोटाने ते टोक वर ढकलायचे, सुई पुन्हा वर आली की परत खाली. असे तीन-चार टाके सुईवर गोळा झाले की मग सुई एकदम बाहेर ओढायची. एकेक टाका ओढणाऱ्याची ओळ वाकडी जाते आणि वेळही दुप्पट लागतो. पाठीची बाजू अधूनमधून उलटून पाहावी. वर सुंदर दिसणारी ओळ खाली अर्धे टाके गाळून गेलेली असते, हा प्रत्येक नवशिक्याचा अनुभव.

टाका किती बारीक असावा यावर फार चर्चा होते. अमेरिकी पद्धतीच्या हातशिलाईत इंचाला आठ-दहा टाके चांगले मानले जातात. पण तिथे पदर तीनच आणि मधला पदर विरळ भरणाचा असतो. पाच पदरी सुती गोधडीत नवख्याने इंचाला तीन टाके वर दिसतील एवढेच पाहावे. ते बारीक नसले तरी चालतील, सारखे असावेत. आणि दोरा कधीही आवळू नये. दोरा ओढल्यावर त्या ओळीवरून तळहात फिरवावा, कापड सपाट राहिले पाहिजे. आवळलेल्या दोऱ्याची गोधडी शिवून झाल्यावर दोन-चार इंचांनी लहान भरते. धुतल्यावर येणाऱ्या बारीक सुरकुत्या मात्र दोष नव्हेत, गोधडीचा मऊपणा त्यातच असतो.

कडेकडून मध्ये येणारी पद्धत चुकीची का?

नाही. तिचे गणितच वेगळे आहे. उत्तर कर्नाटकातील कारवार जिल्ह्यात, म्हणजे उत्तर कन्नड भागात, यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या पट्ट्यात सिद्दी समाजाची वस्ती आहे. आफ्रिकेतून आणले गेलेले त्यांचे पूर्वज, त्यातले बरेचसे पोर्तुगीजांच्या गोव्यातून या जंगलात आले. या समाजातील स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. त्यांची सुरुवात कोपऱ्यातून होते आणि टाक्यांच्या ओळी चारही बाजूंनी फिरत फिरत मध्यापर्यंत येतात. कच्चा दोरा नसतो, आखणी नसते.

तरीही झोळ येत नाही. कारण कवंदीचा वरचा थर अखंड नसतोच. बाई खालच्या कापडावर एकेक तुकडा ठेवते, त्याची कड बोटाने दुमडते, त्यावरून टाके घालत पुढे जाते आणि मग पुढचा तुकडा निवडते. जास्तीचे कापड अडकायला जागाच मिळत नाही. शेवटी चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण लावतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. फुला नसलेली कवंदी अपुरी, उघडी मानली जाते. अमेरिकी कला-इतिहासकार हेन्री जॉन ड्रूअल यांनी या कामाची नोंद केल्यानंतर २००४ मध्ये सिद्दी स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली आणि कवंद्या परदेशांतल्या संग्रहालयांपर्यंत पोहोचल्या. ज्यांच्याकडे आख्खी साडी नाही, वेगवेगळ्या कपड्यांचे तुकडेच आहेत, त्यांनी खरे तर कवंदीची पद्धत शिकावी. घडीच्या गोधडीपेक्षा ती अवघड दिसते, पण चुका पोटात घालते.

चिंध्यांतून झालेले काम कलादालनात जाण्याचे याहून गाजलेले उदाहरण अमेरिकेतील अलाबामा राज्यातले. तिथल्या गीज् बेंड या गावातील कृष्णवर्णीय स्त्रिया शेतात घालायच्या जुन्या कपड्यांतून पांघरुणे शिवत. २००२ मध्ये ती न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडली गेली आणि समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली. शिवणाऱ्यांनी ती थंडी वाजू नये म्हणून शिवली होती.

किती वेळ लागतो आणि शिवून घेतली तर किती द्यावेत?

वर सांगितलेली सहा फूट बाय पावणेचार फुटांची गोधडी घेऊ. इंचाच्या अंतराने ओळी घातल्या तर सहा फुटांच्या ४५ ओळी होतात. एकूण ८२ मीटर शिवण आणि इंचाला तीन या हिशेबाने साडेनऊ हजारांहून जास्त टाके. दुपट्यावर सराव झालेल्या हाताला एका ओळीला पंचवीस मिनिटे धरली तर १८ ते २० तास. रोज एक तास दिला तर तीन आठवडे. दोरा शंभर मीटरपेक्षा थोडा जास्त लागतो, दुहेरी घेतला तर त्याच्या दुप्पट.

हा हिशेब मांडण्याचे कारण दुसरेही आहे. शहरांच्या कडेच्या वस्त्यांत, तालुक्याच्या गावांत आजही गोधडी शिवून देणाऱ्या बायका आहेत. त्यांच्याकडे साड्या घेऊन जाणारा ग्राहक पहिले वाक्य बोलतो ते भाव कमी करण्याचे. ‘कापड तर आमचेच आहे, साधे टाके तर घालायचे.’ सराईत बाईचा हात नवशिक्याच्या दुप्पट वेगाने चालतो असे मानले, तरी ती ओळी बोटाच्या अंतराने, म्हणजे अर्ध्या-पाऊण इंचावर घालते. अर्ध्या इंचाच्या हिशेबाने ४५ च्या जागी ९० ओळी होतात आणि वेळ पुन्हा तेवढाच राहतो. तासाला ७५ रुपये धरले तरी २० तासांचे दीड हजार होतात, त्यात दोरा वेगळा आणि कंबर-डोळ्यांचे काही नाहीच. ज्याने एक दुपटे स्वत: शिवले आहे तो सहसा घासाघीस करत नाही.

आणि ज्यांना शिकायचेच आहे त्यांच्यासाठी या बायकांइतका चांगला वर्ग दुसरा नाही. शिकवण्याचे पैसे वेगळे ठरवून, चार दुपारी शेजारी बसून टाका पाहिला तर व्हिडीओत न दिसणारी गोष्ट दिसते. ती म्हणजे खालचा हात. कॅमेरा नेहमी वरच्या हातावर असतो.

धुवायची कशी?

गोधडी पूर्ण झाली की आधी कच्चे टाके उसवावेत, मग कड तपासावी. काठ विरलेले असतील तर दोन बोटे रुंदीच्या सुती पट्टीचा गोट चारही बाजूंनी लावावा. गोधडी सर्वांत आधी कडेला फाटते आणि गोट बदलता येतो. पहिले धुणे थंड पाण्यात, एकटीचे, कमी साबणात. पिळू नये. चार-पाच पदरी सुती कापड पाणी पिऊन फार जड होते, ते दोरीवर मधोमध टाकले तर सगळा भार घडीवरच्या टाक्यांवर येतो आणि नेमके तिथले दोरे तुटतात. गच्चीच्या कठड्यावर किंवा खाटेवर पसरून वाळवावी, रंगीत बाजू उन्हापासून खाली.

वाळल्यावर एखादी ओळ सुटलेली दिसली तर त्याच दिवशी शिवून घ्यावी. त्यासाठी त्या रंगाचा दोरा थोडा उरवून, सुईसकट, गोधडीबरोबरच एका डबीत ठेवणारी घरे आहेत.